त्या कुठे आहेत? श्रीपेरुंबुदूरच्या हायवेवरची एक रात्र

शुक्रवार, १७ डिसेंबर २०२१. चेन्नईहून बेंगळुरूकडे जाणारा हायवे श्रीपेरुंबुदूरजवळ रात्री बंद पडला. अपघात झाला नव्हता, पाणीही चढलं नव्हतं. रस्त्यावर बायका बसल्या होत्या, साधारण दोन हजार. बहुतेकींचं वय अठरा ते बावीस. आयफोनची जुळणी करणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात त्या कामाला होत्या आणि कारखान्यापासून दूर कंत्राटी हॉस्टेलांमध्ये राहत होत्या. दोन दिवसांपूर्वी त्यांच्यातल्या दीडशेहून जास्त जणींना जेवणातून विषबाधा होऊन रुग्णालयात न्यावं लागलं होतं. त्यातल्या काही जणी अजून कामावर दिसल्या नव्हत्या आणि त्यांचं काय झालं हे धड कुणी सांगत नव्हतं.

रास्ता रोको म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मागण्यांचं निवेदन, बॅनर आणि माइक हातात घेतलेला पुढारी येतो. इथे सुरुवातीला यातलं काही नव्हतं. पगारवाढीची मागणीसुद्धा नव्हती. एक प्रश्न होता: त्या कुठे आहेत?

या साध्या प्रश्नाचं पटेल असं उत्तर एका बलाढ्य कंपनीला, तिच्या कंत्राटदारांना आणि सरकारी यंत्रणेला दोन दिवसांत देता आलं नाही. या प्रकरणात अस्वच्छ स्वयंपाकघर आहे, उंदीर आहेत, पोलिसांच्या काठ्या आहेत, पण मला त्या न मिळालेल्या उत्तराचं गूढ जास्त वाटतं. ते उकललं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

गाव आणि कंपनी

श्रीपेरुंबुदूर चेन्नईच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर आहे. मराठी वाचकाला हे नाव दोन कारणांनी ठाऊक असतं. एक म्हणजे ते रामानुजाचार्यांचं जन्मगाव, आणि दुसरं म्हणजे २१ मे १९९१ रोजी तिथे राजीव गांधींची हत्या झाली. तामिळनाडूत मात्र श्रीपेरुंबुदूर म्हटलं की आधी 'कंपनी' आठवते. राज्याच्या 'सिपकॉट'ने, म्हणजे आपल्या एमआयडीसीच्या तिकडच्या भावंडाने, या पट्ट्यात औद्योगिक वसाहती उभ्या केल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ह्युंदाईच्या गाड्या इथे बनू लागल्या. २००६ मध्ये नोकिया आली आणि या भागात पहिल्यांदाच हजारो तरुण मुली युनिफॉर्म घालून पहाटे बसची वाट पाहत उभ्या राहिलेल्या दिसू लागल्या.

ती नोकिया १ नोव्हेंबर २०१४ ला बंद झाली. करांचा वाद, मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा घेतला त्या व्यवहारातून वगळला गेलेला कारखाना, अशी त्याची गुंतागुंतीची कथा आहे. कामगारांच्या बाजूने ती सोपी होती: काम संपलं. नोकियाला सुटे भाग पुरवणारं फॉक्सकॉनचं इथलं युनिटही त्याच सुमारास थांबलं. पुढे २०१९ पासून तैवानच्या याच फॉक्सकॉनने श्रीपेरुंबुदूरमध्ये अॅपलच्या आयफोनची जुळणी सुरू केली. २०२१ च्या अखेरीस तिथे सुमारे सतरा हजार माणसं कामाला होती.

माणसं म्हटलं, पण लाइनवर बसलेल्या बहुतेक बायकाच. 'नाजूक कामाला बायकांची बोटं चांगली' हे वाक्य इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात इतक्या वेळा म्हटलं जातं की ते खरं की खोटं हे कुणी तपासत नाही. बोटांचं कारण असेलही. पण खेड्यातून आलेली, अविवाहित, शहरात ओळखपाळख नसलेली, कंत्राटदाराच्याच छपराखाली राहणारी कामगार युनियनच्या वाटेला सहसा जात नाही, हे कारण बोटांपेक्षा जड आहे. चेन्नईत बायकांच्या कामगार संघटना चालवणाऱ्या कार्यकर्त्या हे वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत.

हॉस्टेल, वॉर्डन, बस

कोरडवाहू शेतीच्या गावातून बारावी किंवा डिप्लोमा झालेली मुलगी चेन्नईजवळ एकटी राहायला कशी येते? आईबाप पगाराचा आकडा विचारतातच, पण त्यांचा होकार तीन शब्दांवर मिळतो: हॉस्टेल, वॉर्डन, बस. मुलगी लेडीज हॉस्टेलमध्ये राहणार, तिच्यावर लक्ष ठेवायला बाई असणार, आणि कंपनीची बस दारातून नेऊन दारात आणून सोडणार. गावात चार लोकांना सांगता येईल अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेला कायद्याचीही एक बाजू आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ६६ नुसार बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात कारखान्यात कामाला लावता येत नव्हतं. डिसेंबर २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हे बंधन समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केलं, पण रात्रपाळीसाठी अटी घातल्या. घरापासून कामापर्यंत वाहनाची सोय ही त्यातली ठळक अट. चोवीस तास चालणाऱ्या लाइनला तिन्ही पाळ्यांत बायका हव्या असतील तर त्यांची ने-आण करावी लागणार, आणि ने-आण करायची तर पन्नास गावांत बस पाठवण्यापेक्षा पन्नास गावांतल्या मुली चार हॉस्टेलांत ठेवणं स्वस्त. सुरक्षिततेची अट आणि कंपनीचा हिशेब इथे हातात हात घालून चालतात.

तामिळनाडूला हे नवीनही नाही. कोइम्बतूर, तिरुप्पूर, दिंडीगुल या भागांतल्या सूतगिरण्यांनी 'सुमंगली' नावाची योजना अनेक वर्षं चालवली. तीन वर्षं गिरणीच्या हॉस्टेलमध्ये राहून काम करायचं आणि शेवटी एकरकमी पैसे घेऊन जायचं. लग्नाला उपयोगी पडतील, हुंड्याला लागतील, असा त्याचा सरळ प्रचार होता. नावातच लग्न होतं. बाहेर जायला बंदी, मधेच काम सोडलं तर रक्कम बुडाली, अशा तक्रारींमुळे ती योजना बदनाम झाली. फॉक्सकॉनची व्यवस्था सुमंगलीसारखी नव्हती, इथे दर महिन्याला पगार मिळत होता. पण तरुण मुलीचं काम आणि तिची झोपायची जागा एकाच दोरीने बांधायची ही युक्ती जुनीच.

आता हिशेब. त्या वेळी लाइनवरच्या कामगार बाईला महिन्याला सुमारे १०,५०० रुपये मिळत. अशा कामाच्या किमान वेतनापेक्षा हे साधारण एक तृतीयांशाने जास्त. खेड्यातल्या मजुरीशी तुलना केली तर रक्कम वाईट नाही, आणि म्हणूनच मुली येत होत्या. कुणी त्यांना पोत्यात घालून आणलं नव्हतं. फक्त एक तपशील बातम्यांच्या गर्दीत निसटतो: राहण्याजेवणाचे पैसे त्या कंत्राटदाराला भरत होत्या. ज्या जेवणाने त्या आजारी पडल्या ते त्यांनी विकत घेतलेलं होतं.

त्या पैशांत काय मिळत होतं? घटनेनंतर बातमीदारांशी बोललेल्या कामगार बायकांनी सांगितलं की एका खोलीत सहापासून तीसपर्यंत जणी राहत, जमिनीवर झोपत. काही हॉस्टेलांत संडासाला वाहतं पाणी नव्हतं. अंगावर पुरळ, छातीत दुखणं, पोट बिघडणं हे नेहमीचं होतं. याआधीही एकदोघींना जेवण बाधलं होतं, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. कंपनीने उत्पादन झपाट्याने वाढवलं आणि त्या मानाने राहण्याच्या सोयी वाढल्या नाहीत, हे नंतर राज्य सरकारकडूनही सांगितलं गेलं.

इथे मला गिरणगावातले गाळे आठवतात. तिथेही एका खोलीत वीसवीस गिरणी कामगार पाळीपाळीने झोपत. खोली म्हणजे स्वर्ग नव्हता. पण ते जेवत ती खानावळ बहुधा गाववाल्या बाईची असे, तिला नाव असे, डाळ पाणचट झाली की तिला तोंडावर बोलता येई, आणि फारच झालं तर शेजारची खानावळ धरता येई. श्रीपेरुंबुदूरच्या मुलीला मेस बदलायची तर हॉस्टेल सोडावं लागणार, हॉस्टेल सोडलं तर बस सुटणार आणि बस सुटली की काम.

बुधवार ते शनिवार

१५ डिसेंबरला, बुधवारी, पूनमल्लीजवळच्या एका हॉस्टेलमधल्या बायकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. तिरुवल्लूर जिल्हा प्रशासनाच्या माहितीनुसार १५९ जणींना रुग्णालयात दाखल करावं लागलं. आणखी शंभरेक जणींवर दाखल न करता उपचार झाले. अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी पाहणी केली तेव्हा स्वयंपाकघरात उंदीर होते आणि सांडपाण्याचा निचरा होत नव्हता. स्वयंपाकघर बंद करण्यात आलं. तपासणीसाठी घेतलेले नमुने निकषात बसले नाहीत.

इथपर्यंत ही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची बातमी आहे. लग्नाच्या पंगतीत, आश्रमशाळेत, वसतिगृहात अशा घटना आपल्याकडेही होतात, आणि दोन दिवसांत सगळे बरे होऊन घरी जातात.

पण गुरुवार गेला, शुक्रवार आला. पाळी बदलायच्या वेळी लाइनवर काही जागा रिकाम्याच होत्या. काहीजणी दगावल्या आहेत, आणि कंपनी ते लपवते आहे, अशी कुजबुज व्हॉट्सअॅपवरून एका हॉस्टेलमधून दुसऱ्या हॉस्टेलमध्ये पोहोचली. पाळी संपलेल्या आणि पाळीला आलेल्या अशा दोन्हीकडच्या बायका एकत्र आल्या आणि हायवेवर जाऊन बसल्या. दोन पाळ्यांची भेट होण्याची दिवसातली ती एकच वेळ. ज्यांना एरवी एकमेकींशी दोन शब्द बोलायला वेळ मिळत नाही त्यांची सभा भरायची तर ती पाळीबदलालाच भरणार.

रात्रभर त्या उठल्या नाहीत. कांचीपुरमच्या जिल्हाधिकारी तिथे आल्या. कुणी मेलेलं नाही हे सांगून पटेना, तेव्हा ज्यांच्या मृत्यूची अफवा होती त्यांच्याशी व्हिडिओ कॉल जोडून दाखवण्यात आला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पुन्हा आंदोलन झालं. आजूबाजूच्या कारखान्यांतले पुरुष कामगारही त्यात आले. पोलिसांनी पुरुषांना मारलं, बायकांनाही पाठलाग करून मारलं, असं तिथे असलेल्या बायकांनी सांगितलं. ६७ बायकांना ताब्यात घेतलं गेलं. त्यांचे फोन काढून घेतले आणि घरी आईबापांना फोन करून मुलीला आवरा असं बजावलं, असं त्यांचं आणि त्यांना मदत करणाऱ्या वकिलांचं म्हणणं. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी मारहाण आणि दमदाटी दोन्ही नाकारलं.

आईबापांना केलेल्या त्या फोनपाशी मी जरा थांबतो. ताब्यात घेतलेला पुरुष कामगार तेवीस वर्षांचा असता तर पोलिसांनी त्याच्या वडिलांना फोन लावला असता का? या बायका सज्ञान होत्या, कमावत्या होत्या, पगारातून घरी पैसे पाठवत होत्या. पण हॉस्टेल-वॉर्डन-बस या साखळीने त्यांना जे 'मुली' बनवलं होतं ते पोलीस ठाण्यातही सुटलं नाही. बातम्यांतही त्यांना मुलीच म्हटलं गेलं. या लेखात मीही वर चारसहा वेळा तेच लिहून गेलो आहे.

अफवा कशी पिकते

'समाजमाध्यमांवरच्या अफवांमुळे आंदोलन भडकलं' असा एक सोयीचा निष्कर्ष तेव्हा निघाला. अफवा खोटी होती, कुणीही मरण पावलं नव्हतं, आणि अफवा पसरवल्याबद्दल अटकही झाली. पण दोन हजार बायकांनी ती खरी का मानली, हे पाहायला हवं.

आजारी पडलेली बाई पूनमल्लीच्या हॉस्टेलमध्ये राहत होती. ते तिरुवल्लूर जिल्ह्यात. कारखाना श्रीपेरुंबुदूरला, म्हणजे कांचीपुरम जिल्ह्यात. दोन जिल्हाधिकारी, दोन पोलीस दलं. तिची हजेरी फॉक्सकॉनच्या लाइनवर लागते, पण तिच्या खाण्या-झोपण्याचा व्यवहार कंत्राटदाराशी. हॉस्टेल एकाचं, ते चालवणारा दुसरा, तिथे स्वयंपाक करणारा बहुधा तिसरा. सुपरवायझरला एवढंच माहीत की ती आज आली नाही. वॉर्डनला माहीत की तिला गाडीतून नेलं. रुग्णालयाला माहीत की तिला सोडलं, पण सोडल्यावर ती हॉस्टेलवर गेली की गावी, हे तिथे कोण लिहून ठेवणार? प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. सगळे तुकडे एकत्र करून 'अमुक पाळीतली तमुक बाई आता अशी आहे' हे सांगणं कुणाचंच काम नव्हतं.

ज्या कारखान्यात एका फोनचा प्रत्येक भाग कोणत्या लाइनवर, किती वाजता बसला हे नोंदवलं जातं, त्याच कारखान्यात माणसांची अशी यादी दोन दिवसांत करता आली नाही. ठरवलं असतं तर आली असती. पण सुट्या भागांसाठी तशी व्यवस्था कुणीतरी आधीच बांधून ठेवली होती, आजारी कामगारांसाठी ती बांधायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मग रिकाम्या जागेत व्हॉट्सअॅप शिरलं. घरचं माणूस दवाखान्यात असताना दोन दिवस कुणी काही सांगितलं नाही तर आपल्यापैकी कुणाच्याही मनात पहिल्यांदा वाईटच येतं.

आणि युनियन नसण्याची किंमत इथे कंपनीलाही मोजावी लागली, असं माझं मत आहे. कारखान्यात मान्यताप्राप्त कामगार प्रतिनिधी असते तर गुरुवारी सकाळीच चारजणी रुग्णालयात जाऊन परत येऊन सांगू शकल्या असत्या: पाहिलं, जिवंत आहेत, सलाईन लावलंय. सहकाऱ्याच्या तोंडून आलेल्या त्या चार शब्दांवर विश्वास बसला असता. जिल्हाधिकाऱ्यांना मध्यरात्री हायवेवर येऊन व्हिडिओ कॉल लावायची पाळी आली नसती.

फाटकाबाहेरचा कायदा

कायद्यात डोकावलं की जबाबदारी कारखान्याच्या फाटकापाशी कशी थांबते हे आणखी स्पष्ट दिसतं. अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन असावं, ते कसं असावं, हे २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याचं कलम ४६ सांगत होतं. निरीक्षक येऊन ते कॅन्टीन पाहू शकत होता. पण त्याच कामगारांचं सकाळ-रात्रीचं जेवण ज्या मेसमध्ये शिजतं ती मेस वीसेक किलोमीटरवर असेल तर ती या कायद्याच्या नजरेत कारखान्याचा भाग नव्हती. तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानुसार कंत्राटदाराने सोयी दिल्या नाहीत तर मूळ मालकाने द्यायच्या असत, पण त्यातल्या कॅन्टीन, विश्रांतीची खोली, पिण्याचं पाणी या सोयीही कामाच्या जागेच्या होत्या. हॉस्टेलसाठी तामिळनाडूत वेगळा कायदा आहे, २०१४ चा, बायका आणि मुलांची हॉस्टेलं व निवासगृहं यांच्या नियमनाचा. त्यात परवाना लागतो. पण तो हॉस्टेल चालवणाऱ्याकडे बोट दाखवतो, ज्याच्यासाठी हॉस्टेल चालतं त्याच्याकडे नाही.

गंमत अशी की मजुरांना घर देण्याचं बंधन आपल्या कायद्यात फार पूर्वीपासून आहे, पण चहामळ्यांसाठी. १९५१ च्या मळा कामगार कायद्याने मळेवाल्यावर कामगारांच्या घरांची जबाबदारी टाकली, कारण मजूर लांबून आणलेले होते आणि मळ्याशिवाय त्यांना राहायला जागा नव्हती. लांबून आणलेली कामगार आणि दुसरी जागा नाही, हे वर्णन सत्तर वर्षांनी फोनच्या कारखान्याला जसंच्या तसं लागू पडतं. मळ्यातल्या घरांची अवस्था कायदा असूनही काय आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा कायदा झाला म्हणजे सगळं झालं असं मी म्हणत नाही. पण निदान तिथे कुणाला विचारायचं हे तरी ठरलेलं आहे.

नंतर

कारखाना १८ डिसेंबरपासून बंद राहिला. २९ डिसेंबरला अॅपलने जाहीर केलं की कामगारांची काही दूरची हॉस्टेलं आणि जेवणाच्या खोल्या आपल्या निकषांत बसत नाहीत आणि हा कारखाना 'प्रोबेशन'वर, म्हणजे सुधारणा होईपर्यंत देखरेखीखाली, ठेवला आहे. फॉक्सकॉनने स्थानिक व्यवस्थापनात बदल करण्याचं आणि बंद काळातला पगार देण्याचं सांगितलं. १२ जानेवारी २०२२ ला मोजक्या कामगारांनिशी काम पुन्हा सुरू झालं.

पगार न मागता बसलेल्या बायकांनी चार आठवड्यांत एवढं घडवून आणलं. देशातल्या कामगार चळवळीच्या अलीकडच्या इतिहासात इतक्या कमी वेळात इतका परिणाम करणारी आंदोलनं फार नाहीत. त्यात हायवेचा वाटा मोठा होता, आणि फोनवर ज्या कंपनीचं नाव आहे तिला जगभर आपलं नाव जपायचं होतं, याचाही. याच हॉस्टेलांसारख्या दुसऱ्या हॉस्टेलांत राहून बिननावाचे सुटे भाग बनवणाऱ्या बायकांनी हायवे अडवला असता तर 'प्रोबेशन' कुणी कुणाला दिलं असतं?

राज्य सरकारनेही हालचाल केली, आणि ती नुसती कागदावर राहिली नाही. श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम-वडगाल इथल्या सिपकॉटच्या वसाहतीत वीस एकरांवर ७०६.५ कोटी रुपये खर्चून १८,७२० कामगार बायकांसाठी निवासी संकुल उभं राहिलं. १७ ऑगस्ट २०२४ ला मुख्यमंत्री स्टालिन यांनी फॉक्सकॉनचे अध्यक्ष यंग लिऊ यांच्या उपस्थितीत त्याचं उद्घाटन केलं. गल्लीबोळांतल्या तीसतीस जणींच्या खोल्यांपुढे ही मोठी सुधारणा आहे, यात वाद नाही. मनात एक शंका मात्र राहते. आधी काम आणि बिछाना बांधणारी दोरी दहा कंत्राटदारांच्या हातात होती, आता तिला एकच गाठ आहे. अठरा हजार बायका एका आवारात राहिल्या तर पाळीबदलाची वाट न पाहता एकमेकींशी बोलू शकतील, हा त्याचा फायदा. आणि फाटक एकच असल्यामुळे ते लावून घेणंही सोपं.

आपल्याकडे फॉक्सकॉन हे नाव वेगळ्याच संदर्भात घुमलं. ऑगस्ट २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने या कंपनीशी पाच अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचा करार केला, तो प्रत्यक्षात आला नाही. मग २०२२ मध्ये वेदांत आणि फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा चिपचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जात असल्याचं जाहीर झालं आणि राजकीय धुरळा उडाला. (पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली.) प्रकल्प कुणी घालवला, किती रोजगार गेले यावर चॅनेलवर आठवडे गेले. ते रोजगार आले असते तर कामगार कुठे राहिले असते, त्यांची मेस कुणाची असती, हा प्रश्न त्या धुरळ्यात मला एकदाही ऐकू आल्याचं आठवत नाही. श्रीपेरुंबुदूरचा हायवे तेव्हा जेमतेम नऊ महिन्यांपूर्वीचा होता. चाकण-रांजणगावच्या आसपासच्या चाळींमध्ये एका खोलीत किती जण राहतात हे पुण्यातल्या वाचकाला कुणी सांगायला नको.

लग्न झालेल्या

या प्रकरणाचं शेपूट २०२४ मध्ये दिसलं. त्या वर्षीच्या जूनमध्ये एका वृत्तसंस्थेने शोध घेऊन बातमी दिली की याच कारखान्यात आयफोनच्या जुळणीच्या कामासाठी लग्न झालेल्या बायकांना भरतीच्या वेळीच वगळलं जातं. संसाराची जबाबदारी, बाळंतपण, जास्त रजा अशी कारणं भरती करणाऱ्यांनी दिल्याचं त्यात होतं. मंगळसूत्र, जोडवी अशा धातूच्या दागिन्यांचाही उल्लेख झाला. केंद्रीय कामगार मंत्रालयाने १९७६ च्या समान मोबदला कायद्याचा हवाला देत राज्याकडून अहवाल मागवला. भेदभाव करत नसल्याचं कंपनीने सांगितलं, नव्या भरतीत सुमारे पंचवीस टक्के बायका विवाहित असल्याचं तिचं म्हणणं होतं. त्याच वर्षी नंतर भरतीच्या जाहिरातींतून वैवाहिक स्थितीचा उल्लेख काढायला एजंटांना सांगितल्याच्या बातम्या आल्या.

हायवेवरच्या रात्रीशी याचा संबंध सरळ आहे. कामाला लावायची म्हणजे हॉस्टेलमध्ये ठेवायची, अशी व्यवस्था एकदा बसली की कामगार कोण असेल हे बिछानाच ठरवतो. एका खोलीत सहा बिछाने असतात, त्यात नवरा बसत नाही, तान्हं मूल बसत नाही, म्हातारी सासू बसत नाही. लग्नाचा प्रश्न भरतीच्या अर्जावर कुणी छापला नाही तरी तो खोलीच्या नकाशात छापलेला असतो.

जुलै २०२४ मध्ये कामगार खात्याचे अधिकारी चौकशीसाठी कारखान्यात गेले, तेव्हा कंपनीने त्यांना हजेरीचे आकडे दिले. एकूण कामगार ४१,२८१. त्यात बायका ३३,३६०. त्यातल्या लग्न झालेल्या २,७५०.